हृदयाचे आवाज ऐकायला शिकताना: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

फर्स्ट इयरच्या मुलामुलींच्या हातात वॉर्डात पहिल्यांदा स्टेथोस्कोप आला की आठवड्याभरात एक तक्रार हमखास येते: ‘मॅडम, मला काही ऐकूच येत नाही.’ नाहीतर तिच्या अगदी उलट: ‘इतकं काय काय ऐकू येतं, त्यातलं हृदय कुठलं तेच कळत नाही.’ दोन्ही तक्रारी खऱ्या असतात आणि दोन्हींत कानाचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा इअरटिप्स उलट्या घातलेल्या असतात, चेस्टपीसची दुसरीच बाजू चालू असते, मध्ये ब्लाउजचं कापड असतं किंवा डोक्यावर कूलर घरघरत असतो. हे सगळं ठीक असलं तरी एक चूक उरतेच. सगळे आवाज एकदम ऐकायचा प्रयत्न चाललेला असतो. हृदय ऐकायचं ते एका वेळी एकच आवाज धरून. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या एका शिस्तीसाठी आहेत.

इंदूरमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांना आणखी एक अडचण येते. पुस्तकं इंग्रजीत, वर्गात समजावणं हिंदीत, आणि खंडवा, बुऱ्हाणपूर, देवासहून आलेल्या कितीतरी मुलींच्या डोक्यात विचार चालतो तो मराठीत. म्हणून हे क्रमानं मराठीत लिहिते आहे. झडपांची आणि जागांची नावं मात्र वॉर्डात बोलतात तशीच ठेवली आहेत.

आधी हातातलं साधन

स्टेथोस्कोप कानात घालण्याआधी इअरटिप्सकडे बघा. त्या नाकाच्या दिशेनं, म्हणजे पुढे झुकलेल्या हव्यात. कानाची नळी आत पुढच्या बाजूला वळते. टिप्स मागे वळलेल्या असतील तर त्या कानाच्या भिंतीवर टेकतात आणि निम्मा आवाज तिथेच अडतो. टिप्स सैल वाटल्या तर मोठ्या मापाच्या लावा. बाहेरचं बोलणं थोडं दबून ऐकू यायला लागलं की समजायचं, नीट बसल्या.

चेस्टपीसला दोन बाजू असतील तर मोठी चपटी बाजू डायफ्राम आणि छोटी वाटीसारखी बाजू बेल. एका वेळी एकच बाजू चालू असते. दांड्यावर चेस्टपीस फिरवला की ‘टक’ होतं आणि बाजू बदलते. डायफ्रामवर बोट अगदी हलकं आपटून बघा. कानात मोठा आवाज आला तर ती बाजू चालू आहे. प्रत्येक पेशंटआधी हे करायची सवय लावून घ्या. काही स्टेथोस्कोपना एकच बाजू असते. तिथे हलकं टेकवलं की बेलचं काम होतं आणि दाबलं की डायफ्रामचं.

दोन बाजू कशासाठी, हे तबला ऐकलेल्या माणसाला पटकन कळेल. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीतला आणि चाटेचा आवाज वरच्या पट्टीतला असतो. खालच्या पट्टीतले आवाज बेल पकडते, वरच्या पट्टीतले डायफ्राम. म्हणून डायफ्राम घट्ट दाबायचा, उचलल्यावर कातडीवर फिकट वळ दिसावा इतका. बेल मात्र हवा आत शिरणार नाही इतपतच टेकवायची. बेल दाबली की तिच्याखालची कातडी ताणली जाते, तीच डायफ्रामसारखी वागू लागते आणि ज्यासाठी बेल घेतली तो खालचा आवाज नाहीसा होतो. हृदयाचा तिसरा आवाज (एस-थ्री, त्याबद्दल पुढे) विद्यार्थ्यांच्या कानातून निसटतो तो बहुधा असाच.

नळीला चीर गेली आहे का, टिप्समध्ये मळ साचला आहे का, तेही अधूनमधून बघा. मे महिन्यात स्टेथोस्कोप गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हानं नळी खराब होते. दोन पेशंटच्या मध्ये चेस्टपीस स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचाच. एका छातीवरून दुसऱ्या छातीवर जंतू नेण्याचं काम हे साधन फार सहज करतं.

पेशंट आणि खोली

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरांनी एका तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणं अवघड वाटल्यामुळे कागदाची सुरळी करून तिच्यातून हृदय ऐकलं. स्टेथोस्कोपची सुरुवात तिथून झाली. पेशंटची भीड सांभाळायलाच हे साधन जन्माला आलं, तेव्हा ती भीड आपणही सांभाळावी.

पडदा ओढा. काय करणार आहात ते पेशंटच्या भाषेत सांगा. माळव्यातल्या खेड्यातून आलेल्या बाईला ‘अम्मा, दिल की धड़कन सुननी है, थोड़ा ठंडा लगेगा’ एवढं पुरतं. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी आजींना मराठीतून विचारा. चेस्टपीस तळहातावर घासून कोमट करा. कापडावरून ऐकू नका, पण सगळं अंग उघडंही करू नका. पदर छातीवर राहू द्या आणि जिथे ऐकायचं तेवढीच जागा मोकळी करा. डावा स्तन वर उचलावा लागला तर पेशंटलाच स्वतःच्या हातानं उचलायला सांगा. मुलगा विद्यार्थी असेल आणि पेशंट बाई असेल, तर सोबत एक सिस्टर हवीच.

मंगळसूत्र आणि गळ्यातली माळ बाजूला करायला सांगा. मणी चेस्टपीसला घासले की ‘कर्र’ असा आवाज येतो आणि नवख्याला तो फ्रिक्शन रबसारखा, म्हणजे आतली आवरणं एकमेकांवर घासल्यासारखा, वाटतो. पुरुषांच्या छातीवरचे केसही असेच करकरतात. केस पाण्यानं थोडे ओले केले की आवाज थांबतो. तुमची बोटं आणि ओढणी नळीला लागू देऊ नका.

आता कूलर. मोठ्या सरकारी वॉर्डात उन्हाळ्यात कूलर बंद करा म्हटलं की शेजारच्या पलंगावरून आवाज उठतो. म्हणून आधीच सांगायचं, ‘दो मिनट के लिए बंद कर रही हूँ’, आणि दोनच मिनिटांत चालू करायचा. लोक ऐकतात. टीव्ही, मोबाइल आणि पाहुण्यांचं बोलणं यांनाही तेवढीच विनंती करा. पंखा चालतो.

तुम्ही पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. पेशंट आधी उताणा, डोक्याकडची बाजू थोडी वर.

जागा बोटानं शोधायच्या

अंदाजानं चेस्टपीस टेकवणं ही सगळ्यात मोठी उणीव मी बघत आले आहे. जागा डोळ्यानं नाही, बोटानं शोधायची. सुरुवातीला यावर वेळ गेला तरी चालेल.

गळ्याच्या खाली, दोन्ही क्लॅव्हिकलच्या, म्हणजे गळ्याजवळच्या आडव्या हाडांच्या, मध्ये जी खाच आहे तिथे बोट ठेवा. आता छातीच्या मधल्या हाडावरून, म्हणजे स्टर्नमवरून, बोट सरळ खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागतो. बारीक माणसात तो लगेच लागतो, जाड माणसात थोडं दाबावं लागतं. हा अँगल ऑफ लुई. तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून तिथे बोट दोन-तीनदा वरखाली फिरवून खात्री करा. या उंचवट्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची मऊ फट म्हणजे दुसरी इंटरकॉस्टल स्पेस. इथून बोट एकेका फटीत टाकत खाली मोजत जायचं. मोजणी स्टर्नमच्या कडेला चिकटून करू नका, तिथे बरगड्यांची टोकं जवळजवळ येतात. थोडं बाहेरून मोजा.

उजवीकडे दुसऱ्या फटीत, स्टर्नमच्या कडेला, एओर्टिक झडपेची जागा. डावीकडे त्याच उंचीवर पल्मोनरी. डावीकडेच तिसऱ्या फटीत अर्ब्स पॉइंट. डावीकडे स्टर्नमच्या खालच्या कडेला, चौथ्या फटीच्या आसपास, ट्रायकस्पिड. आणि डावीकडे पाचव्या फटीत, क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, मायट्रल. मायट्रलच्या जागीच हृदयाचं टोक छातीवर आपटतं, म्हणून तिला एपेक्स म्हणतात. तळहात ठेवून आधी तो ठोका शोधा आणि मग बोटाच्या टोकानं नेमका पकडा. उताण्या पेशंटमध्ये सापडला नाही तर डाव्या कुशीवर वळवा.

या जागांच्या बरोबर खाली त्या त्या झडपा नसतात. झडपेचा आवाज रक्ताच्या ओघाबरोबर जिथे चांगला पोचतो ती ही जागा. एओर्टिक झडप स्टर्नमच्या मागे आणि तिची ऐकण्याची जागा वर उजवीकडे, हे कोडं त्यामुळेच सुटतं. व्हायव्हात हा प्रश्न येतो.

सात वर्षांच्या आतल्या मुलांत एपेक्स चौथ्या फटीत आणि रेषेच्या थोडा बाहेर असतो. ठोका डावीकडे कुठेच लागला नाही तर उजवीकडेही हात ठेवून बघा. क्वचित हृदय उजव्या बाजूला असतं.

पहिला आठवडा: फक्त मोजायचं

एपेक्सवर डायफ्राम ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. लब आणि डब मिळून एक ठोका. कितीतरी जण दोन्ही वेगळे मोजतात आणि १४४ लिहून आणतात. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणंही इथे चालत नाही, कारण अनियमितपणा उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत लपून बसतो. मोठ्या माणसात दर मिनिटाला ६० ते १००, नवजात बाळात साधारण १२० ते १६०. दोन वर्षांखालच्या बाळांत मनगटाच्या नाडीवर विसंबू नका, एपेक्सच मोजा.

ताल नियमित आहे का, एवढाच दुसरा प्रश्न. तरुण माणसात श्वास घेताना ठोके थोडे जलद आणि सोडताना सावकाश होतात, ते नॉर्मल आहे. कसलाच मेळ नसलेला ताल लागला तर एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात त्याची) शंका धरून पल्स डेफिसिट बघा. एकजण एपेक्सवर ऐकतो, दुसरा मनगटाची नाडी धरतो, दोघं एकाच घड्याळावर एकाच क्षणी सुरू करून पूर्ण मिनिट मोजतात. एपेक्सवर ११२ आणि मनगटावर ९० आले तर डेफिसिट २२. तेवढे ठोके मनगटापर्यंत पोचलेच नाहीत. हे एकट्यानं आधी एक आणि मग दुसरं असं मोजू नका, आकडा खोटा येतो.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी एपेक्सवर पूर्ण मिनिट मोजायचं, तेही यासाठीच. मोठ्या माणसात ६० च्या खाली आले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. लहान मुलांची मर्यादा वेगळी असते, ती ऑर्डरमध्ये बघा.

मग लब कुठला, डब कुठला

मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटतात तेव्हा लब, म्हणजे एस-वन. एओर्टिक आणि पल्मोनरी मिटतात तेव्हा डब, म्हणजे एस-टू. लब थोडा जाड आणि लांब, डब आखूड आणि तीक्ष्ण. एपेक्सवर लब मोठा ऐकू येतो, वरच्या दोन जागांवर डब मोठा.

ठोके सावकाश असताना ओळखणं सोपं असतं. मिनिटाला ७५ ठोके असतील तर एक ठोका ०.८ सेकंदांचा. त्यात लबपासून डबपर्यंत साधारण ०.३ आणि डबपासून पुढच्या लबपर्यंत ०.५ सेकंद. आखूड फट सिस्टोल (हृदय आकुंचन पावतं तो वेळ), लांब फट डायस्टोल (ते सैल होऊन भरतं तो वेळ). पण हृदय जलद झालं की डायस्टोल जास्त आखडतं आणि दोन्ही फटी सारख्या वाटायला लागतात. तापाच्या पेशंटवर विद्यार्थी गोंधळतात ते इथेच.

अशा वेळी बोटाचा आधार घ्या. स्टेथोस्कोप एपेक्सवर ठेवून दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेवर, कॅरोटिडवर ठेवा. बोटाला ठोका लागतो त्याच क्षणी कानात येतो तो लब. मनगटाची नाडी यासाठी घेऊ नका, तिथे ठोका उशिरा पोचतो. मानेची एकच बाजू आणि हलक्या हातानं. दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसात तर जोर मुळीच नको, कॅरोटिडवर दाब आला की हृदय एकदम सावकाश होऊ शकतं.

आता डोळे मिटा आणि एकेक गोष्ट घ्या. पहिले दहा-बारा ठोके फक्त लब. तो एकच आहे की दुहेरी, मोठा की मंद, दर वेळी सारखा की बदलता? या वेळात डबकडे लक्ष द्यायचंच नाही. मग तेवढेच ठोके फक्त डब. मग लब-डबमधली फट: ती शांत आहे का? शेवटी डबनंतरची लांब फट: ती शांत आहे का? चार प्रश्न, चार वेगळ्या वेळा. एका जागेवर हे झालं की पुढच्या जागेकडे चेस्टपीस उचलून न टाकता थोडा थोडा सरकवत न्या. आवाज कुठे वाढतो, कुठे विरतो, हे त्या वाटेवरच कळतं.

पल्मोनरी जागेवर एखाद्या सडपातळ मैत्रिणीला हळू खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास आत घेताना डब किंचित फाटून ‘ड-डब’ होतो आणि सोडताना पुन्हा एक होतो. एओर्टिक झडप आधी आणि पल्मोनरी नंतर मिटते, म्हणून. हा फाटलेला डब स्वतःच्या कानानं पकडला, तर तुमचा कान तयार होतो आहे असं खुशाल समजा.

जादा आवाज

डबच्या लगेच मागे येणारा खालच्या पट्टीतला आवाज एस-थ्री. लबच्या अगदी आधी येणारा एस-फोर. दोन्हींसाठी पेशंट डाव्या कुशीवर, बेल एपेक्सवर, हलकी. एस-थ्री मुलांत, तरुणांत आणि गरोदरपणात नॉर्मल असू शकतो. वयस्कर माणसात, पायाला सूज आणि धाप असताना तो नव्यानं आला तर हार्ट फेल्युअरची खूण धरून कळवायचं. एस-फोर ताठर झालेल्या व्हेंट्रिकलचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याचा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये एट्रियम, म्हणजे वरचा कप्पा, नीट आकुंचतच नाही, त्यामुळे तिथे एस-फोर नसतोच.

मर्मर म्हणजे आवाजांच्या मधल्या फटीत येणारी फुसफुस किंवा घरघर. त्याबद्दल विद्यार्थ्यांनी एवढंच नोंदवावं: सिस्टोलमध्ये की डायस्टोलमध्ये, कुठे सगळ्यात मोठा, कुठे पसरतो आणि हाताला थरथर लागते का. मर्मर सहा श्रेणींत मोजतात आणि चौथीपासून ती थरथर, म्हणजे थ्रिल, लागते. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईत हलका सिस्टोलिक मर्मर पुष्कळदा असतो. डायस्टोलमधला मर्मर मात्र कधीच नॉर्मल धरू नका.

आपल्याकडे रुमॅटिक हृदयविकार अजूनही आहे, म्हणून मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे अरुंद झालेली मायट्रल झडप, ऐकायची संधी सोडू नका. पेशंटला धाप असेल तर आधी सिस्टरांना विचारा, आणि मग ‘डाव्या कुशीवर वळता का?’ म्हणून सावकाश वळवा. एपेक्सवर बेल टेकवा. लब नेहमीपेक्षा कडक लागतो. डबनंतर एक छोटा ‘टक’, आणि मग डायस्टोलमध्ये खोल घरघर. बेल थोडी दाबून बघा, घरघर विरते. दाब सोडा, परत येते. बेल हलकी का धरायची, हे यानंतर कुणी सांगावं लागत नाही.

एओर्टिक रिगर्जिटेशन (एओर्टिक झडपेतून रक्त मागे गळणं) ऐकायची पद्धत याच्या उलट. पेशंटला बसवून पुढे झुकवा, श्वास पूर्ण सोडून थोडा वेळ धरायला सांगा, आणि डायफ्राम घट्ट दाबून डावीकडे तिसऱ्या फटीत ऐका. डबनंतर लगेच फुंकर घातल्यासारखा उतरता आवाज येतो. पेशंटबरोबर तुम्हीही श्वास धरा, म्हणजे त्याला किती वेळ त्रास होतो आहे याचं भान राहतं. पेरिकार्डियल रब, म्हणजे हृदयाच्या आवरणाचा घासल्यासारखा आवाज, हाही याच स्थितीत ऐकायचा. तो खरखरीत असतो आणि पेशंटनं श्वास धरला तरी चालूच राहतो. फुफ्फुसाच्या आवरणाचा रब श्वासाबरोबर थांबतो.

सराव कशाचा करायचा

नॉर्मल हृदयांचा. दुर्मिळ मर्मर ऐकायला एका पलंगाभोवती पंधराजण गोळा होतात, पण होस्टेलमधल्या मैत्रिणीची छाती रोज ऐकणारे कमी. मला हे उलटं हवं आहे. मैत्रीण, भाऊ, आजोबा, शेजारचं बाळ, विचारून सगळ्यांची ऐका. मैत्रिणीला दोन मजले चढून यायला लावा आणि जलद हृदयात लब-डब ओळखा. बारीक आणि जाड, दम्याचा आणि बिनदम्याचा, हा फरक ऐका. फुफ्फुसात हवा अडकलेल्या पेशंटचे आवाज एपेक्सवर दबलेले येतात आणि स्टर्नमच्या खालच्या टोकाशी बरे लागतात. शंभर नॉर्मल कानात बसले की वेगळं काही आलं तर कान आपणच अडखळतो.

रेकॉर्डिंग ऐकायची असतील तर इअरफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतले आवाज येतच नाहीत.

लिहायचं आणि सांगायचं

केस शीटवर ‘हार्ट नॉर्मल’ लिहू नका. एपेक्सवरचा दर, ताल, एस-वन आणि एस-टू ऐकू आले की नाही, जादा आवाज किंवा मर्मर आहे की नाही, कुठे, आणि पेशंट कोणत्या स्थितीत होता, एवढं लिहा. आवाज लागला नाही तर तसंच लिहा आणि सिस्टर इन्चार्जना पुन्हा ऐकायला बोलवा. रोगाचं नाव लिहायचं काम आपलं नाही. पण पेशंटजवळ चोवीस तास नर्स असते, आणि काल नव्हतं ते आज आहे, हे पहिल्यांदा तिलाच कळू शकतं. म्हणून ड्युटीच्या सुरुवातीला एकदा ऐकून ठेवायचं. कालचं माहीत नसेल तर आजचा फरक कशावरून कळणार?

काही बदलांना सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नसतं. हार्ट अटॅकच्या पेशंटला नवा मर्मर. बरेच दिवस ताप असलेल्याला नवा मर्मर. आधी स्पष्ट असलेले आवाज दबले, बीपी खाली आला आणि मानेच्या शिरा फुगल्या, तर हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचत असू शकतं. धातूची झडप बसवलेल्या पेशंटचा नेहमीचा ‘टिक’ मंद झाला किंवा गेला, तर तेही तातडीचं.

रात्री ड्युटी डॉक्टरांना फोन करताना ‘सर, पेशंट ठीक वाटत नाहीये’ म्हणू नका. पलंग क्रमांक, निदान आणि बदल या क्रमानं सांगा: ‘सर, बेड नंबर सात, परवाचा हार्ट अटॅक. आठ वाजता एस-वन, एस-टू स्वच्छ होते, मर्मर नव्हता. आत्ता अडीच वाजता एपेक्सवर मोठा सिस्टोलिक मर्मर आहे. दर ११८, बीपी ९० बाय ६०, धाप वाढली आहे. तुम्ही लगेच या.’ फोन ठेवण्याआधी ते येत आहेत का, तोवर काय करायचं हे विचारा, मिळालेली ऑर्डर त्यांना परत वाचून दाखवा आणि फोन केल्याची वेळ केस शीटवर लिहा.